समजून घ्यायचं असेल तर आधी विचारा: रोजच्या जगण्यातली समानुभूती

काका जाऊन वीस-बावीस दिवस झाले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये काकू आता एकट्याच. मी थालीपीठं घेऊन गेले, तेव्हा त्या डायनिंग टेबलाशी काकांचा गोळ्यांचा डबा उघडून बसल्या होत्या. सात वारांचे सात खण असलेला प्लास्टिकचा डबा असतो ना, तो. सोमवार-मंगळवारचे खण रिकामे, बुधवारपासून पुढचे सगळे भरलेले. शेजारी रबरबँड लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.

"एवढ्या गोळ्या उरल्यात गं," काकू म्हणाल्या. "काय करायचं यांचं?"

मी लगेच म्हणाले, "द्या इकडे. न फोडलेल्या पट्ट्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला परत घेतो. संध्याकाळी जातेच आहे मी त्या बाजूला."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चहा पिताना आम्ही लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल बोललो. पट्ट्या पिशवीत घालून मी घरी आले, तेव्हा एक काम मार्गी लावल्याचं समाधान होतं मला.

काय चुकलं ते कळायला दोन महिने गेले. काकूंना गोळ्यांची विल्हेवाट विचारायचीच नव्हती. त्या काकांबद्दल बोलायला लागल्या होत्या आणि मी त्यांचं बोलणं पहिल्या वाक्यातच संपवून टाकलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी माया होती. धावून जायची तयारीही होती. फक्त त्यांच्या मनात काय चाललंय, हे मी त्यांना विचारलं नाही, स्वतःच ठरवून टाकलं.

त्यानंतर मी या विषयाकडे नीट बघायला लागले. थोडं वाचलं आणि बरंचसं करून पाहिलं. समानुभूती ही काही मोजक्या हळव्या माणसांना जन्मतःच मिळालेली देणगी आहे असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. ती बरीचशी सवय आहे, थांबण्याची आणि विचारण्याची. आणि सवय लावता येते. मी ती कशी लावून घेतली, ते इथे क्रमाने सांगते.

आधी शब्दाबद्दल थोडंसं

सहानुभूती या शब्दाला बोलण्यात हळूहळू कीव चिकटली आहे. 'मला कोणाची सहानुभूती नको' असं माणूस म्हणतो, तेव्हा त्याला वरून टाकलेली दया नको असते. समानुभूतीत आपण त्याच्या शेजारी बसतो. तिचे तीन भाग मला सोपे वाटतात: कळणं, भिडणं आणि हात पुढे होणं. नुसतं कळून भागत नाही, कारण गिऱ्हाईक बरोबर ओळखून त्याला फसवणाऱ्यालाही समोरच्याचं मन चांगलंच कळत असतं. नुसतं भिडलं तर आपणच रडत बसतो. आणि न कळता हात पुढे केला, की माझ्यासारखं मेडिकलच्या दुकानात जाणं होतं.

पहिली पायरी: घाई काढून टाका

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं होतं. निम्म्यांचा विषय बायबलमधली एक गोष्ट होती, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची. जायच्या वाटेवर एक माणूस कण्हत, खोकत, वाकून बसलेला. तो अर्थातच प्रयोगातला होता. ज्यांना 'तुमच्याकडे वेळ आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पुण्यात सकाळी साडेनऊला नळस्टॉपच्या सिग्नलला किंवा सिंहगड रोडवर उभं राहिलं की हा प्रयोग आठवतो. पुढचा स्कूटरवाला, रस्ता ओलांडणाऱ्या आजी, सुट्ट्या पैशांसाठी खोळंबलेला पीएमपीचा कंडक्टर, सगळे आपल्या वाटेतले अडथळे होऊन बसतात. आपण दुष्ट नसतो, फक्त उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवात मनाऐवजी घड्याळापासून करा. दिवसातली कुठलीही एक खेप निवडा आणि तिच्यासाठी पंधरा मिनिटं आधी निघा. एवढंच. आठवडाभर करून बघा, त्या एका खेपेत तुम्हाला माणसं दिसायला लागतील.

घरातही तेच. मुलगी शाळेला निघताना, मोजे चढवत असताना "काय गं, हल्ली गप्प गप्प असतेस?" असं विचारण्यात अर्थ नाही. दारात विचारलेल्या प्रश्नाला दारातलंच उत्तर मिळतं: "काही नाही." माझी मुलगी सगळ्यात जास्त बोलते ती मटार सोलताना. दोघींचे हात कामात, नजर ताटात, आणि कोणालाच कुठे जायचं नसतं.

दुसरी पायरी: तोंडावर आलेलं पहिलं वाक्य गिळा

समोरच्याने काही जड सांगितलं, की आपल्या जिभेवर ठरावीक वाक्यं तयार असतात. 'त्यात काय एवढं' हे सगळ्यात वाईट. 'निदान'ने सुरू होणारं कुठलंही वाक्य त्याच्याच पंगतीतलं: निदान नोकरी तरी आहे, निदान पहिलं मूल तरी आहे, निदान त्रास न होता गेले. 'तरी मी सांगत होते' याने जखमेवर मीठ चोळलं जातं. 'माझंही अगदी असंच झालं होतं' हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यानंतर बहुतेक वेळा आपलीच गोष्ट सुरू होते आणि त्याची राहून जाते. 'धीर धरा' म्हटलं, की समोरचा माणूस खरोखर धीर धरतो, म्हणजे बोलायचं थांबतो.

ही वाक्यं आपण का म्हणतो? दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून. ते लवकर मिटावं असं वाटतं, आणि त्यात आपली स्वतःची अस्वस्थता मिटवण्याची इच्छाही असते.

१९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकल यांनी अमेरिकेतल्या डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं होतं. 'काय होतंय?' असं विचारल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच तोडत होते. वेळ लावून बघितली, तर घरात आपली मजल तेवढीही जात नाही.

करायचं काय? समोरच्याचं वाक्य संपलं, की मनात तीन आकडे मोजा. सावकाश. सुरुवातीला ते तीन आकडे फार लांब वाटतात. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या मोकळ्या जागेतच बाहेर पडते, कारण माणूस आधी वरचं सांगतो आणि आपण थांबलो आहोत असं दिसलं की आतलं सांगतो. तीन मोजूनही शांतता असेल तर "मग?" एवढं म्हणा. किंवा "पुढे?" मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवते. कप हातात असला की मला फोन उचलता येत नाही आणि सल्ला द्यायला हातवारेही करता येत नाहीत.

तिसरी पायरी: अंदाज बांधा, पण तपासून घ्या

'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ' हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. त्याच्या जागी मी उभी राहिले, तरी उभी मीच असते. माझी भीती, माझा पगार, माझं माहेर सगळं घेऊन मी तिथे जाते आणि माझं उत्तर त्याचं म्हणून सांगते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्या वंशाला जाता येत नाही, तर निदान विचारावं तरी.

ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली याच प्रश्नावरचे २५ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. समोरच्याच्या भावना, आवडीनिवडी, मतं ओळखायची होती. 'त्याच्या जागी आहात अशी कल्पना करा' असं सांगितल्यावर ओळखण्यातली अचूकता वाढली नाही. अचूकता वाढली ती त्या माणसाशी बोलून, त्यालाच विचारून घेतल्यावर.

मला हे एका मुलाने शिकवलं. माझ्या नणंदेचा मुलगा लातूरजवळच्या गावातून एमपीएससी करायला पुण्यात आलेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, दिवसभर अभ्यासिकेत आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून आमच्याकडे जेवायला. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली होती. तिसऱ्या वर्षी तो येईनासा झाला. कधी पोट बिघडलंय, कधी टेस्ट आहे. मी ठरवून टाकलं की पोरगा निकालाने खचलाय. फोनवर त्याला उमेद द्यायला लागले. अपयश म्हणजे शेवट नाही, वय आहे अजून, वगैरे. तो "हो मामी, हो मामी" म्हणायचा.

एकदा टिळक रोडला अचानक भेटला. रसवंतीत बसलो. त्या दिवशी मी काही समजावलं नाही. म्हटलं, "मला वाटतं तुला निकालाचं ओझं झालंय. की दुसरंच काही आहे?"

तो बराच वेळ ग्लासवरचं पाणी बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "निकालाचं मी बघून घेईन मामी. ते 'साहेब' म्हणतात ना, ते नको वाटतं. गावात लग्नाला गेलो की 'या साहेब'. पारावर 'काय साहेब'. झालो नाही ना मी अजून कोणी. आपण लोकांना फसवतोय असं वाटतं."

मी गप्प झाले. कारण दर रविवारी दार उघडताना मीच म्हणायचे, "आले का आमचे साहेब!" कौतुकाने म्हणायचे. तेच त्याला टोचत होतं, आणि तीन वर्षं कल्पना करत बसले असते तरी हे माझ्या डोक्यात आलं नसतं. "चुकलं रे माझं," म्हटलं. पुढच्या रविवारी तो जेवायला आला. दारात मी त्याला नावाने हाक मारली.

त्या दिवशी तोंडून गेलेला प्रश्न मी आता जाणूनबुजून वापरते. आधी आपला अंदाज एका वाक्यात सांगायचा, 'मला वाटतं' असं म्हणून. मग लगेच 'की दुसरंच काही आहे?' जोडायचं. पहिल्या वाक्याने कळतं की आपण विचार केलाय. दुसऱ्याने आपल्याला खोडून काढायची मोकळीक मिळते. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. चुकीचा अंदाज दुरुस्त करण्याच्या निमित्ताने माणूस जास्तच मोकळं बोलतो.

आणखी एक. 'का?' जपून वापरा. 'का गेला नाहीस?', 'का रडतेस?' यात उलटतपासणीचा सूर येतोच. 'तेव्हा काय झालं?', 'कशाचा जास्त त्रास झाला?' असं विचारलं, की माणूस सफाई देत बसत नाही, सांगायला लागतो.

चौथी पायरी: भावनेचा नेमका शब्द शोधा

आपल्या घरांत 'मला वाईट वाटतंय' असं सरळ वाक्य क्वचितच ऐकू येतं. त्याऐवजी डोकं दुखतं. जेवायची इच्छा नसते. 'काही नाही' असतं. पोटात खड्डा पडतो, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, हातपाय गळतात. वडीलधारी माणसं तर मनाचं सगळं शरीराच्या भाषेतच सांगतात. दुखण्याला औषध द्यायलाच हवं, आणि छातीत दुखतंय म्हटल्यावर आधी डॉक्टरच गाठायचा. पण 'रात्रभर डोळ्याला डोळा नाही' असं सासरे सांगत असतील, तर गोळी देऊन उठण्याआधी "रात्री जागं असताना काय काय मनात येतं?" हेही विचारून बघा.

दुसरीकडे, आपण धावपळीतली माणसं सगळ्याला एकच शब्द वापरतो: टेन्शन. बॉस ओरडला, टेन्शन. मुलाची सहल आहे, टेन्शन. आई दवाखान्यात, टेन्शन. या एका शब्दाने किती शब्द गिळले आहेत ते बघा. हुरहुर, चुटपुट, रुखरुख, घालमेल, तगमग, घुसमट. हिरमुसणं वेगळं, कुढणं वेगळं, धुसफुसणं वेगळं, ओशाळणं वेगळं. आपल्या हातून काही राहून गेलं की चुटपुट लागते. इकडे की तिकडे ते ठरत नाही तेव्हा घालमेल होते. बोलायचं आहे पण बोलता येत नाही तेव्हा घुसमट. चार लोकांत मान वर करता येत नाही, तेव्हा माणूस कानकोंडा होतो. त्या मुलाचं दुःख या शेवटच्या शब्दात होतं आणि मी त्याला 'निराशा' म्हणत होते.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून यासाठी रोज थोडा वेळ काढा असं आग्रहाने सांगेन. झोपताना एका वहीत दिवसातला एक प्रसंग दोन ओळींत लिहा आणि त्यातल्या स्वतःच्या भावनेला नाव द्या. 'टेन्शन', 'बरं', 'ठीक' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. पहिले चार दिवस शब्द सापडत नाहीत. मग आजीच्या तोंडचे शब्द आठवायला लागतात. स्वतःची चुटपुट ज्याला ओळखता येत नाही, त्याला दुसऱ्याची कशी ओळखता येणार? आणि बोलण्याच्या ओघात आपण नेमका शब्द पुढे केला, की समोरच्याचे खांदे सैल पडलेले दिसतात. "हो गं, तेच, घुसमट होते."

पाचवी पायरी: मदत त्याच्या मापाची करा

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात, आपल्या घरी, बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे त्या काळी जीव देणं किंवा मूल मारणं एवढेच रस्ते उरत. फुल्यांनी शहरात पत्रकं लावली: इथे या, गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. त्यातला प्रत्येक शब्द त्या बाईच्या भीतीला उत्तर देतो. तिला उपदेश नको होता, पैसेही नंतरचे. नाव बाहेर फुटेल, ही तिची पहिली भीती, म्हणून 'गुप्तपणे' हा शब्द पत्रकात आला. आणि निर्णय तिच्याच हाती ठेवला. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा, यशवंत, पुढे फुले दांपत्याने दत्तक घेतला.

आपल्या आवाक्यातली उदाहरणं लहान असतात, पण रीत तीच. पुण्यात बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद गोळा करतात आणि त्यातला सुका कचरा हाताने वेगळा करतात. वापरलेली पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळी द्यावीत, म्हणजे पुडी उघडायची वेळ येत नाही, असं त्यांचं सांगणं आहे. आमच्याकडे आम्ही ते करायचो आणि आपण फार जाणतेपणाने वागतो असं मला वाटायचं. एकदा जिन्यात मावशी दम खात बसल्या होत्या. पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, आमच्या कचऱ्यात तुम्हाला सगळ्यात त्रासाचं काय असतं?" मला वाटलं, वास म्हणतील.

"ब्लेडं," त्या म्हणाल्या. "पॅडचं काय, पुडी दिसती. दाढीचं ब्लेड दिसत न्हाई." उजव्या अंगठ्याच्या पेरावरची पांढरी रेघ दाखवली त्यांनी. त्या दिवसापासून आमच्याकडे ब्लेड आणि फुटकी काच जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते, वर मार्करने 'ब्लेड' आणि 'काच' लिहून, आणि खोकं मी हातात देते.

तेव्हा मदत करण्याआधी एवढं विचारा: "मी काय केलं तर तुला बरं पडेल?" उत्तर सुचत नसेल तर दोन पर्याय द्या. "डबा पाठवू, की मुलांना दोन तास आमच्याकडे घेऊन येऊ?" 'काही लागलं तर सांगा' हे मात्र सोडून द्या. दुःखातल्या माणसाला काय लागतंय ते शोधायचं आणि मग मागायचा धीर करायचा, अशी दोन कामं त्याने वाढतात.

सहावी पायरी: मतभेदात एक नियम

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५१ साली सुचवलेला हा नियम आहे. वादात आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत सांगायची, त्याचं समाधान होईल इतपत बरोबर. तो "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणाला, की मग आपली पाळी.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या खर्चावरून तळमजल्याच्या एका सभासदांशी माझी खडाजंगी झाली, तेव्हा हा नियम मी वापरून पाहिला. तीन प्रयत्नांनंतर ते "हो" म्हणाले. मत त्यांचं बदललं नाही, माझंही नाही. शेवटी मतदानच घ्यावं लागलं. पण आवाज खाली आले आणि दुसऱ्या दिवशी गेटवर आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. या नियमाकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही. समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आणि कोणी मारहाण करत असेल, रोज पाणउतारा करत असेल, तर त्याचं बालपण समजून घेत तिथेच राहण्याची जबाबदारी तुमची नाही. आधी तिथून बाहेर पडा.

सातवी पायरी: बुडू नका

ज्यांचा स्वभाव मुळात हळवा आहे, त्यांच्यासाठी हे. १९९७ साली त्याच डॅनियल बॅटसन यांनी सहकाऱ्यांसोबत आणखी एक बारीक फरक दाखवला. 'माझ्यावर ही वेळ आली असती तर?' अशी कल्पना केली, की आपल्याला समोरच्याविषयी कळवळा तर वाटतोच, पण आपला स्वतःचा जीवही कासावीस होतो. 'त्याला आत्ता कसं वाटत असेल?' असा विचार केला, की कळवळा राहतो आणि ती कासाविशी बरीच कमी असते. जर्मनीत तान्या सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांतही असंच काहीसं निघालं. दुसऱ्याचं दुःख नुसतं स्वतःत उतरवून घ्यायचा सराव केलेल्यांना जास्त वाईट वाटत राहिलं. त्यानंतर त्याच माणसांना दुसऱ्याचं भलं चिंतण्याचा, मायेचा सराव दिला, तेव्हा ती सावरली.

घरात दीर्घ आजारपण असेल, तर हे रोज उपयोगी पडतं. ससूनच्या आवारात किंवा कुठल्याही दवाखान्याच्या पायऱ्यांवर रुग्णापेक्षा जास्त सुकलेले नातेवाईक दिसतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: बोलायला बसताना वेळ ठरवा आणि सांगून ठेवा. "माझ्याकडे अर्धा तास आहे, पण तो अर्धा तास सगळा तुझा." उठल्यावर तोंडावर पाणी मारा, एक चक्कर मारून या, आणि तुमचं ऐकणारं कोणीतरी एक माणूस हाताशी ठेवा.

कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं, तर विषय बदलू नका. "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या कोणाला तरी विश्वासात घ्या आणि टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

चुकलं तर

चुकणारच. मग परत जा. उशीर झाला तरी चालतं. मी काकूंकडे दोन महिन्यांनी गेले.

"काकू, त्या दिवशी तुम्ही गोळ्यांचं बोलत होता आणि मी भलतंच सुरू केलं," मी म्हटलं. "काका रात्रीच्या गोळ्या घ्यायला कुरकुर करायचे का हो?"

काकू आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "कुरकुर? अगं, ती छोटी पांढरी गोळी जिभेखाली दडवायचे आणि बाल्कनीत जाऊन कुंडीत थुंकायचे. मोगरा का सुकतोय ते मला सहा महिने कळलं नव्हतं." मग त्या बोलतच राहिल्या. अकरा वर्षं रोज रात्री साडेनऊला त्या गोळ्या काढून देत होत्या. अजूनही साडेनऊ वाजले की उठून उभ्या राहतात, आणि उभं राहिल्यावर आठवतं.

बोलता बोलता त्यांनी फडताळातून तोच डबा काढला. खणांमध्ये आता लवंग, वेलदोडे, सुपारी, बडीशेप असं काय काय भरलं होतं. "घे, वेलदोडा घे."

मी घेतला. बुधवारच्या खणात मात्र गोळ्या तशाच होत्या.

"आणि हा बुधवारचा?" मी विचारलं, आणि कप दोन्ही हातांत धरून थांबले.